उतारावरचं रान उक्तं द्यावं का? लांज्याच्या एका प्रश्नाला उत्तर

ताई, इतर वाचणाऱ्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. लांजा तालुक्यात तुमची वडिलोपार्जित साधारण 11 एकर जागा आहे. वर कातळाचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, मधल्या उतारावर रान, खाली वहाळ, म्हणजे ओढा, आणि वहाळाच्या काठी पूर्वी भात लावायचे ती खाचरं, आता पडीक. रानाची शेवटची तोड 10-12 वर्षांपूर्वी झाली. गणपतीत गावी गेलात तेव्हा एक ठेकेदार येऊन रान उक्तं, म्हणजे झाडं न मोजता एकरकमी तोडायला, मागून गेला. चुलत भावांचं म्हणणं, देऊन टाकू आणि मोकळ्या झालेल्या जागेत काजू लावू. तुम्हाला मात्र तिथे जंगल हवं आहे, आणि त्यासाठी कुठली झाडं लावावीत हे तुम्ही विचारलं आहे.

माझं उत्तर असं: रान उक्तं देऊ नका, आणि पहिली तीन वर्षं रानात झाडंही लावू नका. खासगी रानं असलेल्या कुटुंबांबरोबर संगमेश्वर, लांजा, राजापूर या भागांत मी बरीच वर्षं काम करतो आहे. जंगल हवं असलेली माणसं पहिल्या पावसाळ्यात नर्सरीतून टेम्पो भरून रोपं आणतात, खड्डे मारतात, फोटो काढतात आणि मुंबईला परत जातात. त्या रोपांपेक्षा कितीतरी जास्त झाडं त्या जागेत आधीच उभी असतात. तुमच्याही आहेत.

कशी, ते सांगतो. 10-12 वर्षांपूर्वी तोडलेली तुमची झाडं तेव्हा मेली नाहीत. ऐन, किंजळ, कुंभा, साग, जांभूळ ही झाडं बुंध्यापासून तोडली तरी खोडव्यातून, म्हणजे जमिनीत उरलेल्या बुडख्यातून, पुन्हा फुटतात. आज तुम्हाला मनगटाएवढी, मांडीएवढी जी खोडं दिसतात ती दहा वर्षांची असतील, पण त्यांच्या खालची मुळं तुमच्या आजोबांच्या वेळची असू शकतात. जांभ्याच्या भेगांतून खोल गेलेली ही मुळं हीच तुमच्या जागेतली सगळ्यात मोठी ठेव आहे. नर्सरीतल्या रोपाला ती मिळवायला पन्नास वर्षं लागतील. आणलेलं रोप पहिल्या मे महिन्यात पाण्यावाचून माना टाकतं, खोडव्याच्या फुटव्याला पाणी घालावं लागत नाही.

ठेकेदारालाही हे कळतं. म्हणून तर तो दर 10-12 वर्षांनी परत येतो. उक्तं म्हणजे तो झाडं मोजत नाही. रानात एक फेरी मारतो, किती गाड्या माल निघेल याचा अंदाज बांधतो आणि एकरकमी आकडा सांगतो. मजुरी, गाडीरस्ता, परवानगी हा सगळा खर्च त्याने त्यात आधीच धरलेला असतो. व्यवहार ठरला की हद्दीच्या आत जे उभं आहे ते त्याचं. वहाळाकाठचा जुना जांभूळही गेला, पोकळ बेहडाही गेला, कारण ते ठेवण्यात त्याला काही मिळत नाही. माल जातो बॉयलरला, वीटभट्टीला, म्हणजे जळायलाच. शिवाय गाडी वर नेण्यासाठी जेसीबीने उतार कापून रस्ता काढला जातो. पहिल्याच पावसात तो रस्ता ओघळ होतो आणि पुढची कित्येक वर्षं त्यातून तुमची माती वहाळात उतरत राहते. तोडीपेक्षाही हे नुकसान मोठं असतं असं माझं मत आहे, आणि त्याची किंमत कुठल्याच व्यवहारात धरलेली नसते.

प्रत्येक तोडीला रान थोडं थोडं बदलतं. काही खोडवी कुजून मरतात. जी झाडं सावलीत हळू वाढतात, म्हणजे अंजनी, बकुळ, कोकम, ती मागे पडतात. बी देणारी मोठी झाडं उरत नाहीत, आणि दहा वर्षांच्या फुटव्यांवर फळ धरायला जेमतेम सुरुवात होते तोच पुन्हा कुऱ्हाड येते. चार-पाच तोडींनंतर डोंगरावर ऐन, किंजळ, कुंभा, पळस आणि खाली रानमोडीचं तण एवढंच राहतं. लांबून ते हिरवंच दिसतं. मुंबई-गोवा महामार्गावरून जाताना दोन्ही बाजूंना जे दाट वाटतं त्यातलं बरंचसं असं आहे.

आता तुमचं रान कुठल्या टप्प्यावर आहे ते बघायला हवं. दिवाळीत जाल तेव्हा गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला घेऊन पूर्ण दिवस रानात फिरा. ज्याने तरुणपणी कवळ, म्हणजे भाजावळीसाठी पाल्याच्या फांद्या, तोडली आहे असा माणूस सगळ्यात चांगला. ऐन ओळखणं सोपं आहे, त्याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी चौकटींनी तडकलेली असते. किंजळ ऐनाचाच भाऊबंद, पण त्याची साल तशी तडकत नाही. पावसानंतर त्याला इतकी लालसर तपकिरी फळं येतात की डिसेंबरात अख्खा उतार तांबूस दिसतो. ही दोन झाडं किती आहेत हे महत्त्वाचं नाही, ती असणारच. त्यांच्याखाली काय उगवलंय ते वाकून बघा. गुडघ्याएवढी जांभळाची, कोकमाची, अंजनीची रोपं दिसली तर रान पुढे सरकतंय. पायाखाली पाचोळ्याचा मऊ थर लागला, हाताने उकरल्यावर काळी माती आणि पांढरी बुरशी दिसली तर अजूनच छान. जांभ्याचे उघडे खडे आणि कुसळी गवत दिसलं तर तिथे वणवा जाऊन गेलाय. रानमोडीची जाळी कुठे आहे त्या जागा लक्षात ठेवा. तिला नुसतं कापून उपयोग नसतो, ती पुन्हा फुटते. ऑगस्ट-सप्टेंबरात जमीन ओली असताना, फुलं यायच्या आधी मुळासकट उपटायची. पण खरा उपाय सावली. वर फांद्या मिळाल्या की रानमोडी आपोआप खंगते.

हे सगळं पाहून झालं की पहिलं काम वणव्याचं. बाकी काहीच जमलं नाही तरी एवढं करा.

पूर्वी आपल्याकडे वरकस जमिनीतलं गवत दिवाळीनंतर कापलं जायचं. गुरं होती, वैरण लागायची, घरं शाकारायला गवत लागायचं. झाडांची कवळ आणि पाचोळा भाजावळीला जायचा. शेण, कवळ, गवत, वर मातीचा थर असं रचून उन्हाळ्यात भाजायचं आणि त्या राबावर भाताचा तरवा, म्हणजे रोपं, टाकायचा. ती आगसुद्धा आगच, तिच्यावर माणसाचं लक्ष असायचं एवढंच. आता गुरं कमी झाली, भातशेती आक्रसली, निम्मी घरं कुलूपबंद झाली. गवत पुरुषभर उंच वाढतं आणि उभ्या उभ्या वाळतं. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये त्यात एक ठिणगी पडली की अख्खा डोंगर जातो. कोणी विडी टाकतं, कोणी शिकारीसाठी पेटवतं, कोणी काजूच्या बागेतला पाला जाळताना आग हातची घालवतं. बऱ्याच जणांना वाटतं, मोठी झाडं तर वाचतात, मग बिघडलं काय? ऐनाची आणि कुंभ्याची साल जाड, ती वाचतात. मरतात ती दोन-तीन वर्षांची रोपं, म्हणजे पुढची पिढी. दर तीन वर्षांनी एक वणवा गेला तर तुमच्या रानाला मुलंच होणार नाहीत.

वणवा अडवायला जाळपट्टा, म्हणजे गवत काढून मोकळी केलेली पट्टी, काढायचा तो नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर, गवत वाळत आलं पण अजून मुळाशी ओल आहे तेव्हा. रुंदी 10-12 फूट. गवत कापायचं, ओढून बाजूला करायचं आणि गुरंवाल्याला द्यायचं. शक्यतो जाळू नका. आग उताराच्या वरच्या दिशेने फार वेगाने चढते, म्हणून खालच्या बाजूचा आणि पायवाटेलगतचा पट्टा सगळ्यात महत्त्वाचा. तुमच्याकडे वर सडाही आहे, तिथलं गवत वाऱ्यावर पेटतं, तेव्हा सडा आणि रान यांच्या सांध्यावरही पट्टा हवा. आणि एक गोष्ट हटकून विसरली जाते: फेब्रुवारी-मार्चमध्ये ऐन, किंजळ, साग यांची पानगळ होते आणि डिसेंबरात साफ केलेला पट्टा वाळक्या पानांनी पुन्हा भरतो. तो परत झाडून घ्यायचा. गुढीपाडव्याच्या आधी ही दुसरी झाडलोट झाली नसेल तर पहिली वाया गेली असं समजा. जुना गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण, असेल तर तो ढासळलेल्या जागी रचून घ्या. गडगा मोकाट गुरांना अडवतो आणि गवतातून येणारी आगही त्याच्यापाशी मंदावते.

दुसरं काम विरळणीचं. तुमच्या भावांनाही यातून काहीतरी हाताशी लागेल, म्हणून हे जरा तपशिलात सांगतो. एकेका खोडव्यावर आज चार-पाच, कधी सात-आठ फुटवे असतील. सगळे एकाच मुळावर जगतात आणि सगळेच बारीक राहतात. त्यातले दोन ठेवून बाकीचे काढले की उरलेले झपाट्याने भरतात. काही वर्षांनी दोनातला एक काढायचा. ठेवायचा फुटवा निवडताना नुसती जाडी बघू नका, तो खोडव्याच्या कुठून निघालाय ते बघा. जमिनीलगत निघालेला फुटवा स्वतःची नवी मुळं धरतो. खोडव्याच्या वरच्या कडेवरून निघालेला कितीही जाड असला तरी खालचं जुनं लाकूड कुजलं की वादळात फाटून पडतो. कापायला कोयता नको, करवत घ्या. काप तिरका ठेवा, म्हणजे पाणी साचत नाही. काम थंडीत करा. ओल्या दिवसांत कापलेल्या जागी कूज लवकर शिरते. आणि सगळं रान एका वर्षात विरळ करू नका. तीन भाग पाडून तीन वर्षांत करा. एकदम उजेड पडला तर रानमोडीला आमंत्रण मिळतं. निघालेलं सरपण आणि डांब, म्हणजे खांब, बेताचे असतील, पण दरवर्षी मिळतील.

काही झाडांना हात लावायचा नाही. वड, पिंपळ, उंबर, नांदरुख यांपैकी कोणतंही. जुना रायवळ आंबा. मोठा बेहडा, मग तो पोकळ का असेना, आणि पोकळ असेल तर विशेषच. एकरी एक-दोन मेलेली उभी झाडंही राहू द्या, सुतार आणि तांबट त्यात घरटी कोरतात आणि पुढे त्या भोकांत घुबडं, साळुंक्या येतात. वेली सरसकट तोडायची आपल्याकडे सवय आहे. गारंबीसारखी जुनी वेल उभी राहायला पिढ्या जातात, तिला राहू द्या. कोवळ्या झाडाचा शेंडा दाबणारी वेल असेल तेवढीच कापा.

वहाळाच्या दोन्ही काठांना 15-20 मीटरच्या पट्ट्यात विरळणीही नको. तिथली करंज, उंबर, जांभूळ, भेडस यांची मुळं काठ धरून असतात. इथूनच तुमच्या सगळ्यात महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो, जो तुमच्या प्रश्नात नव्हता: पाणी.

तुमच्या भागात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहून जास्त पाऊस होतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तरीही याच जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर जातात. पाणी पडतं भरपूर, थांबत नाही. तुमच्या जागेत ते थांबण्याची एक नैसर्गिक व्यवस्था आहे. वरचा सडा जांभ्याचा. जांभा पोकळ्या-भेगांनी भरलेला असतो, पाणी त्यातून खाली झिरपतं. खाली शेडीचा, म्हणजे पांढरट चिकण मातीचा थर लागला की पाण्याला आणखी खाली जाता येत नाही, मग ते आडवं सरकतं आणि उताराच्या कुशीत जिथे हा सांधा उघडा पडतो तिथे झरा म्हणून बाहेर येतं. तुमचा वहाळ डिसेंबरनंतरही वाहत असेल तर तो अशाच झऱ्यांवर. खालच्या वाडीतल्या विहिरीही बहुधा त्याच्यावरच असतील. उतारावरचं रान या साखळीच्या मधे उभं आहे. पाचोळा आणि मुळं पावसाचा मारा झेलतात, पाण्याला जमिनीत शिरायला वेळ देतात, माती झऱ्यांच्या तोंडाशी येऊन बसू देत नाहीत. झाडं पाणी पितात हेही खरं, आणि रान राखलं की प्रत्येक झरा बारमाही होईल असं वचन मी देणार नाही. पण इतक्या जोराच्या पावसात आणि इतक्या उतारावर उघडी जमीन जे घालवते ते झाडांनी प्यायलेल्या पाण्यापेक्षा फार जास्त असतं. दिवाळीत फिराल तेव्हा उतारावर ओल कुठे कुठे आहे, शेवाळं कुठे आहे, ते बघून खुणा करून ठेवा आणि मे महिन्यात पुन्हा त्याच जागा बघा.

म्हणून सड्याबद्दल एक कळकळीची विनंती. त्याला पडीक समजू नका. सुरुंग लावून कातळ फोडायचा, बाहेरून माती आणून खड्डे भरायचे आणि कलमं लावायची, हे रत्नागिरी-सिंधुदुर्गात सर्रास होतं. त्याने पाण्याच्या वाटा बदलतात. शिवाय हा सडा पावसाळ्यात काय होतो ते बघायला एकदा ऑगस्टअखेर जा. कातळावर इंचभर मातीत गेंदाची पांढरी बोंडं, सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे ताटवे, किडे खाणारा दवबिंदू हे सगळं चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून संपतं. दीपकाडीची एक जात तर कोकणातल्या अशा सड्यांखेरीज जगात कुठेच मिळत नाही. आणि पाय टाकताना खाली बघत चला. बारसू, कशेळी, उक्षी, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली, ती असल्याच सड्यांवर आहेत. आपल्या कातळावर एखादी कोरलेली रेघ, एखादी आकृती नाही ना, हे पाहिल्याशिवाय तिथे काहीच करू नका.

आता भावांच्या काजूकडे. काजूला मी नावं ठेवणार नाही. 1990 च्या सुमाराला रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि तिने कोकणातल्या कितीतरी घरांना पहिल्यांदा रोख पैसा दाखवला. पण त्या पैशासाठी उभं रान तोडायची तुम्हाला गरज नाही, तुमच्याकडे पडीक खाचरांच्या वरच्या बाजूला उघडी जमीन आहेच. तिथे एक-दोन एकर वेंगुर्ला-4 किंवा वेंगुर्ला-7 ची कलमं लावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्राने काढलेल्या या जाती आहेत आणि कलमं खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्या. शेजारी रान असेल तर काजूच्या मोहराला मधमाश्या आणि इतर किडे मिळतात. भावांना हे सांगा, त्यांना पटेल. मात्र काजूच्या बागेतला पाला रानाच्या कडेला पेटवायचा नाही, ही अट पहिल्या दिवशीच घाला.

खाचरांच्या बांधांवर माणगा बांबू लावा. भरीव, बिनकाट्याचा, दक्षिण कोकणातला हा आपला बांबू चौथ्या-पाचव्या वर्षापासून काठ्या देऊ लागतो आणि तोडून न्यायलाही सोपा, कारण 2017 मध्ये भारतीय वन अधिनियमात बदल होऊन बांबूला झाडाच्या व्याख्येतून वगळलं, त्यामुळे वनाबाहेरच्या जमिनीतल्या बांबूला तोडीची-वाहतुकीची ती जुनी कटकट राहिली नाही. खाचरं गावातलं कोणी कसत असेल तर अवश्य कसू द्या. डुकरं आणि माकडं यांचा त्रास होईल, तो खरा आहे आणि त्यावर माझ्याकडे जादूचा उपाय नाही. पण रान तोडल्याने तो कमी होतो हा समज चुकीचा आहे. वर उंबर, जांभूळ, करवंद, आंबगूळ राहिलं नाही की प्राणी अधिकच खाली उतरतात.

चौथ्या वर्षी मात्र थोडी लागवड करा. तेव्हा तुम्हाला कळलेलं असेल की काय आपोआप आलं आणि काय येतच नाही. जे येत नाही तेवढंच आणायचं. माझा अंदाज, बेहडा, कोकम आणि वड-नांदरुखाची जात यांची कमतरता असेल. जवळच्या देवरहाटीत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, बघा, तिथे हे सगळं असेल. सोमजाई, वाघजाई, केदारलिंग, जे दैवत असेल त्याच्या रहाटीत सुकी काटकीसुद्धा न उचलण्याचा रिवाज असतो, म्हणून बी वेचायचं तर आधी गावकर-मानकऱ्यांना विचारा. कौल घ्यायचा म्हणाले तर घ्या. त्या रिवाजामुळेच ते बी आज तिथे शिल्लक आहे. जांभूळ, फणस, कोकम यांचं बी सुकवून ठेवू नका, ताजं असतानाच, जूनमध्ये जमिनीत गेलं पाहिजे. बेहड्याची आठळी कठीण, ती टिकते. वडाची, नांदरुखाची हाताएवढी जाड फांदी पहिल्या पावसात पुरली तर बहुतेक धरते. अशी फळं असलेली दोन-तीन झाडं झाली की बाकीची लागवड बुलबुल, उदमांजरं आणि वटवाघळं करतात, आणि ती माणसापेक्षा चांगली करतात.

कोकम म्हणजे रातांबा, त्याचं एक ध्यानात ठेवा. त्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात. रानासाठी बियांची रोपंच लावा. आमसुलासाठी, आगळासाठी खात्रीचं फळ हवं असेल तर घराजवळ ‘कोकण अमृता’ या जातीची दहा-बारा कलमं वेगळी लावा. सावलीत वाढणारं हे झाड आहे, ते उघड्यावर लावून त्याला छळू नका.

बेहड्यावर माझा विशेष जीव आहे. धनेश पक्ष्याला घरटं करायला प्रचंड बुंध्याची, नैसर्गिक ढोली असलेली झाडं लागतात. मादी ढोलीत स्वतःला चिणून घेते, एक चीर ठेवते आणि त्या चिरेतून नर तिला आणि पुढे पिल्लांना आठवडेच्या आठवडे फळं भरवतो. आपल्याकडच्या तोडींमध्ये अशी झाडं फार थोडी उरली आहेत आणि त्यात जुने बेहडे बरेच आहेत. पुण्याच्या एईआरएफ या संस्थेने उत्तर सह्याद्रीत बेहडा-हिरड्याची फळं झाडाला धक्का न लावता गोळा करून फेअरवाइल्ड, म्हणजे रानातला माल जपून गोळा केल्याच्या, मानांकनासह विकायचं काम गावकऱ्यांबरोबर उभं केलं. त्यामुळे ज्या झाडाचा लाकूड म्हणून फारसा भाव नाही, त्याच्या फळाला भाव आला. तुमच्या रानात एखादा मोठा बेहडा असेल तर त्याची चौकशी तिथे जरूर करा.

कागदपत्रांचं थोडक्यात. सातबारा काढा आणि ‘इतर हक्क’ रकाना वाचा. तिथे खाजगी वन किंवा कलम 35 (3) अशी नोंद असेल तर 1975 चा महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम लागू होऊ शकतो, मग तोड, बाग, विक्री यांतलं काहीही करण्याआधी चांगला वकील गाठा. नोंद नसली तरी ऐन, किंजळ, साग, खैर, आंबा, फणस, जांभूळ, हिरडा अशी झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, त्यांना परवानगी लागते. विरळणीआधी परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. माल रस्त्यावर आणायचा तर वाहतूक परवानाही. ‘परवानगीचं मी बघतो’ असं ठेकेदार म्हणाला तर लक्षात घ्या, नोटीस सातबाऱ्यावरच्या नावाला येते.

आणि सातबाऱ्यावर नावं किती आहेत? कोकणात सामायिक क्षेत्र हीच खरी अडचण. आजोबांच्या नावावर असेल तर वारस नोंद आधी करून घ्या, आत्यांची नावंही लावा. एकानेही हरकत घेतली तर उक्ता व्यवहार अडतो, हा तुमच्या हातातला आज सगळ्यात सोपा उपाय आहे. पण तो शेवटी वापरा. त्याआधी भावांसमोर हिशेब ठेवा: ठेकेदाराचा आकडा भागीदारांच्या संख्येने भागा, मग बारा वर्षांनी भागा. बहुतेक घरांत तो आकडा पाहिल्यावर बोलण्याचा सूर बदलतो. राखलेलं रान त्याच्या बरोबरीचं रोख उत्पन्न लगेच देईल असं मी म्हणत नाही, देणार नाही. सरपण, डांब, बांबू, दोन एकर काजू आणि पुढे कोकम-बेहडा मिळून ते हळूहळू जमतं.

शेवटचं, राखणारा माणूस. तुम्ही डोंबिवलीत, भाऊ पुण्यात, आणि वणवा दुपारी दोन वाजता लागतो. वाडीतल्या एका कुटुंबाशी ठरवा: गवत त्यांचं, विरळणीतलं सरपण निम्मं त्यांचं, पावसाळ्यातली शेवळं, फोडशी, भारंगी, अळंबी त्यांचीच, आणि जाळपट्ट्याची मजुरी रोख, कामाच्या दिवशीच. बदल्यात आग दिसली की चार माणसं घेऊन धावायचं आणि कुऱ्हाडीचा आवाज आला की तुम्हाला फोन करायचा. हे तोंडी ठरलं तरी चालेल, पण दिवाळीच्या आधी ठरवा, कारण गवत त्यानंतर कोणाची वाट बघत नाही. फिरून आलात की उतारावरच्या ओलीच्या जागा, खोडव्यांचे फोटो आणि सातबारा पाठवा. विरळणीचे तीन भाग कुठून कसे पाडायचे ते त्यावरून नेमकं सांगता येईल.